हे काय, इथंच!

दांड फाट्यावर, मोहोपाड्याकडे वळायच्या जरा अलीकडे, एक भला मोठा फलक लागला आहे. त्यावर एक हसतं कुटुंब, त्यांच्या डोक्यावरून जाणारं विमान आणि खाली ठळक अक्षरांत ‘विमानतळ फक्त १५ मिनिटांवर!’ फलक बिगरशेती प्लॉटचा आहे. त्यावरचं कुटुंब मात्र आमच्या भागातलं नाही हे नक्की. दांड फाट्यावर उभं राहून आमच्यापैकी कुणी इतकं हसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

मध्यंतरी एका कामासाठी चौक, खालापूर, खोपोली करत कर्जतला जायचा योग आला, तेव्हा मी असे फलक मोजत गेलो. चौकला विमानतळ पंधरा मिनिटांवर होता. खालापूरलाही पंधराच. खोपोलीच्या अलीकडे तो वीस मिनिटांवर गेला तेव्हा बरं वाटलं, निदान एकाने तरी घड्याळ पाहिलं म्हणायचं. पण कर्जतच्या वाटेवर तो पुन्हा पंधरावर आला. हा विमानतळ नसून चंद्र असावा. आपण चालू लागलो की तोही बरोबर चालतो.

या फलकांवर किलोमीटर कधी नसतात, त्याला कारण आहे. किलोमीटर कुणीही मोजून बघेल आणि भांडायला येईल. मिनिटांचं तसं नाही. कुणाची मिनिटं, कुठल्या वारी, किती वाजता, मधे पाऊस आहे की लग्नसराई, हे सगळं अध्याहृत असतं. आषाढी अमावास्येच्या पहाटे तीन वाजता कदाचित पंधरा मिनिटं लागतही असतील. प्लॉट घेणाऱ्यानं फक्त त्याच वेळेची तिकिटं काढायची.

नव्या मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. मोहोपाड्याहून तो सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर असेल. पण सरळ रेषा आमच्याकडे फक्त विजेच्या तारांना मिळते. विमानासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. डोंगर हलला, नदी वळली. पळस्पे फाट्यावर आडवा थांबलेला ट्रेलर मात्र अजून जागेवरच आहे.

खरं सांगायचं तर फलकवाल्यांना नावं ठेवायचा आम्हांला अधिकार नाही, कारण अंतर वेळेत सांगायची आणि वेळ खोटी सांगायची परंपरा याच मातीतली. माणिकगडाला निघालेली मुंबईची पोरं वाशिवलीत येऊन वाट विचारतात. ठाकरवाडीतला एखादा दहा वर्षांचा मुलगा हनुवटी वर करून सांगतो, “हे काय, इथंच. पाच मिन्टं.” दीड तासानं ती पोरं झाडाखाली बसून पाण्याची शेवटची बाटली वाटून घेत असतात, तेव्हा तोच मुलगा डोक्यावर मोळी घेऊन वरून खाली येताना दिसतो. तो खोटं बोललेला नसतो. त्याची पाच मिनिटं खरीच असतात. आमचे आजोबाही पनवेलचं अंतर असंच सांगत. उजाडता बैल जुंपले तर दिवस माथ्यावर यायच्या आत पनवेल. मैलाचा दगड वाटेत होता, पण तो बैलाला वाचता येत नाही, मग मला काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या गावाचा पत्ता सांगणं हा आणखी एक प्रकार. गावाचं नाव मोहोपाडा, स्टेशनचं नाव रसायनी. कारखाने आले तेव्हा रसायनांवरून हे नाव पडलं. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा इथला कारखाना बंद पडला तरी नाव चालू आहे. रसायनी स्टेशन पनवेल–रोहा मार्गावर. आणि पनवेल–कर्जत मार्गावर मोहोपे नावाचं वेगळंच स्टेशन आहे, त्याचा आमच्या मोहोपाड्याशी संबंध एका ‘मोहो’पुरता. तेव्हा पाहुणा कुठल्या रुळावर आहे हे कळेपर्यंत आम्ही भाताला फोडणी देत नाही.

अशा गावात माझ्या बहिणीचं घर आहे आणि तिचा मुलगा दुबईत नोकरीला आहे. त्याच्या शेजारच्या टेबलावर कराचीचा एक मुलगा बसतो. दोघांची आई सारखीच, म्हणजे “पोचलास की फोन कर” म्हणणारी. गेल्या खेपेला दोघं एकाच संध्याकाळी सुट्टीवर निघाले आणि त्यांच्यात पैज लागली, आधी घरी कोण पोचतो. कराचीवाला दोन तासांत कराचीला उतरला आणि पुढच्या तासाभरात घरी जेवायला बसला. आमचा भाचा तीन तासांत मुंबईला उतरला, सामान घेतलं, सहार विमानतळाच्या बाहेर गाडीत बसला आणि मग त्याचा खरा प्रवास सुरू झाला. कराचीवाल्याचा फोन आला तेव्हा भाचा मानखुर्दला होता. तिकडे जेवण झालं, पान झालं, म्हणे एक क्रिकेटची मॅचही बघून झाली. हा कळंबोलीच्या चौकात.

दुसऱ्या दिवशी भाचा माझ्याकडे आला. “मामा, तो मला विचारत होता, तुझं घर माझ्या घरापासून किती लांब?”

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई आणि कराची या दोन विमानतळांत जेमतेम पावणेनऊशे किलोमीटर. मधे कच्छचा कोपरा, काठेवाड, दीवच्या आसपासचा समुद्र, बस्स. मुंबईहून दिल्ली याहून लांब, कोलकाता तर दुपटीच्या आसपास. थेट विमान होतं तेव्हा दीड-पावणेदोन तासांत पोचायचं. म्हणजे सहारहून कराची आणि सहारहून मोहोपाडा यांत कराची जवळ. ही गोष्ट मी आमच्या शेजारच्या काकांना सांगितली तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल,” म्हणाले.

जवळ आहे, पण जायचं कसं? या दोन शहरांमधली विमानं म्हणजे आमच्याकडची पावसाळ्यातली वीज. १९६५ला गेली. १९७१ला गेली ती १९७६ला आली. २००२ला पुन्हा गेली, २००४च्या १ जानेवारीला आली. पुढे मुंबई–कराची थेट विमान बंद पडलं आणि एप्रिल २०२५पासून तर एकमेकांच्या आकाशातूनसुद्धा विमानं न्यायला बंदी आली. तेव्हा आज सहारहून कराचीला निघालेल्या माणसाला आधी पश्चिमेला एकोणीसशे किलोमीटर दुबईला जावं लागेल, तिथं बाकावर चार-पाच तास काढावे लागतील आणि मग बाराशे किलोमीटर उलटं यावं लागेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण लिहिणाऱ्याने निदान गावापुरताच विचार केला होता. व्हिसाचं तर मी धरलेलंच नाही. तो मोजायला घड्याळ नाही, पंचांग लागतं.

खरी गंमत पुढेच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड धावपट्टीवरून सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघाले. पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं छोटंसं विमान. बरोबर पंचवीसेक किलो टपाल. अहमदाबादला उतरले, तिथं पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले म्हणतात. ते भरून दुपारी दोनच्या आत जुहूला. सव्वासात तास, बैलगाडीचा वेळ धरून. आज जेट विमानं, संगणक, उपग्रह हे सगळं हाताशी असून, विमानतळावर तीन तास आधी हजर राहून दुबईमार्गे गेलं, तर बारा तासांच्या आत कराचीत पाय लागणं अवघड. चौऱ्याण्णव वर्षांत एवढी पीछेहाट मी फक्त आमच्या गावच्या रस्त्याची पाहिली आहे.

यात बैलांना कमी लेखू नये. मला तर वाटतं त्या दिवशी वेळापत्रक पाळणारा सगळ्यांत भरवशाचा घटक तोच असावा.

आणि तेव्हा ते परदेशी उड्डाणही नव्हतं. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे १९३२ साली कराची आणि कुलाबा जिल्ह्यातलं आमचं मोहोपाडा एकाच सरकारच्या हाताखाली. कराचीत आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाचं हायस्कूल उभं आहे. गृहस्थ तिथं शिक्षण खात्यात होते. आपल्याकडून सिंधला बदली होऊन गेलेला अधिकारी ही तेव्हा रोजची बाब. आज पनवेलहून अलिबागला बदली झाली तरी लोक मंत्रालयात खेटे घालतात. टाटांचं विमान पावसाळ्यात जुहूच्या चिखलात उतरू शकत नसे, म्हणून चार महिने पुण्याला उतरवत. पुढे १९६२ला आणि १९८२ला टाटांनी तीच सफर हौसेनं पुन्हा केली, दुसऱ्या वेळी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मी त्या वयाला अजून पोचायचोय आणि मला पनवेलच्या एसटीत चढताना मागून कुणीतरी ढकलावं लागतं.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मामा, मग त्याला काय सांगू?”

“सांग, हे काय, इथंच.”

असे शेजारी आपल्या देशाच्या चारी बाजूंनी आहेत. आमच्या आळीतली मंडळी तीन वर्षांपूर्वी दार्जिलिंगच्या सहलीला गेली. त्यासाठी विमान बागडोग्र्याला उतरतं. बागडोग्र्यापासून नेपाळमधला भद्रपूरचा विमानतळ सरळ रेषेत तीस किलोमीटरसुद्धा नाही. मधे मेची नदी, तिच्यावर पूल. दोन्हीकडे विमानं रोज येतात-जातात. पण एकीकडून दुसरीकडे? आमच्यातल्या एका हौशी वहिनींनी मोबाइलवर दोन्ही नावं टाकून ‘विमानानं’ असं शोधलं. उत्तर आलं, बागडोग्रा ते दिल्ली, दिल्ली ते काठमांडू, काठमांडू ते भद्रपूर. तीन विमानं, एक मुक्काम, आणि पैसे एवढे की त्यांत दार्जिलिंगची सहल पुन्हा झाली असती. मग वहिनींनी पाणीटंकीच्या नाक्यावरून ई-रिक्षा केली, पूल ओलांडला, काकरभिट्ट्याला मोमो खाल्ले, दोन छत्र्या घेतल्या आणि जेवायला परत आल्या. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही. वहिनी अजून सांगतात, “मी परदेशी जाऊन आले, रिक्षानं.” त्यांच्या यजमानांची परदेशवारी सिंगापूरची, तिला या घरात आता कुणी विचारत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, दोन देशांच्या भानगडी, आपल्याला काय त्याचं. पण आपल्या मराठी मुलखातसुद्धा हा खेळ झालेला आहे. पोर्तुगिजांनी १९५५मध्ये गोव्यात दाबोळीला विमानतळ सुरू केला. तिथून बेळगावचं सांबरं सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं बांधलेली, म्हणजे दाबोळीच्याही आधीची. एका बाजूला कोकणी-मराठी बोलणारी माणसं, दुसऱ्या बाजूलाही तीच, आणि दोन्ही बाजूंना नात्यातली लग्नं. पण दाबोळीचं प्रवासी विमान उडायचं ते दमण, दीव करत कराचीला! बेळगावला मामाचं घर आणि विमान कराचीला. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, तरी त्याच रात्री दोन पोर्तुगीज विमानं खड्डे चुकवत उडून गेली आणि तीही कराचीलाच. खड्डे चुकवत धावपट्टीवरून विमान नेणं हे ज्यांना अशक्य वाटत असेल, त्यांनी ऑगस्टमध्ये दांड–रसायनी रस्त्यानं एकदा यावं.

आता गोवा आपलाच आहे आणि त्याला दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळीचा, त्याचं नाव तिकिटावर जीओआय. नवा मोप्याचा, मनोहर पर्रीकरांच्या नावानं, ५ जानेवारी २०२३पासून चालू, तो जीओएक्स. दोघांत सरळ रेषेत चाळीस किलोमीटर. त्यातून थोडं वर सिंधुदुर्गात चिपीचा तिसरा. आमचे एक मेव्हणे कोलव्याला राहायची खोली आरक्षित करून मोप्याला उतरले. एका अक्षराची चूक, आय ऐवजी एक्स. टॅक्सीवाल्याला विचारलं, कोलवा किती? तो म्हणाला, “हे काय, इथंच.” मेव्हण्यांच्या अंगावर काटा आला. ते मूळचे खालापूरचे.

पण मोप्याला मी हसत होतो तो गेल्या डिसेंबरपर्यंत. आता आमच्याही दाराशी तेच आलं आहे. सहारचा जुना बीओएम, उलव्याचा नवा एनएमआय. दोघांत सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही नाही.

यातली माझी गोष्ट सांगतो. पूर्वी सहारला कुणाला पोचवायला जाणं म्हणजे वारी असे. विमान पहाटे अडीचचं असलं तर आम्ही आदल्या दुपारी तीनला निघायचो. एका जाणाऱ्यामागे अकरा पोचवणारे, एक ट्रॅक्स गाडी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भरलेला माठ. वाशीच्या पुलावर पंक्चर होणार हे धरलेलंच असे. ते झालं नाही तर मंडळी अस्वस्थ व्हायची, आता पुढे काय वाढून ठेवलंय म्हणून. सहा-सहा तास काचेला नाक लावून उभे राहायचो. त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरातल्या एकाचंही विमान कधी चुकलं नाही. एकदाही नाही.

यंदा मुलगी बेंगळुरूहून आठ दिवस आली होती. परतीचं विमान संध्याकाळी सहाचं, नव्या विमानतळावरून. घरात आनंदीआनंद. कशाला घाई? जवळच तर आहे. जेवणं निवांत झाली. मग शेजारच्या काकू अळूवड्या घेऊन आल्या. मग काकांनी नव्या विमानतळाची हकिगत सांगायला घेतली, ती टेकडी कापण्यापासून. साडेतीनला मी म्हणालो, निघूया का? तर बायको म्हणाली, “आत्ता? तिथं जाऊन काय माशा मारायच्या?” चारला भाजीवाला आला. चार वाजून वीस मिनिटांनी मुलीला तिचा चार्जर सापडेना. चार पस्तीसला निघालो. पळस्प्याला ट्रेलर होता. त्यात वाट विचारली ती एका रिक्षावाल्याला. तो आगरी मुलूखच, म्हणाला, “दादा, जवलच हाय, सरल जावा.” सरळ गेलो. ते ‘सरळ’ उड्डाणपुलावर चढलं आणि आम्हांला उरणच्या दिशेला घेऊन गेलं. पुन्हा वळून आत शिरलो तेव्हा काउंटर बंद होऊन सहा मिनिटं झाली होती. विमान सुटायला अजून चोपन्न मिनिटं होती, ते समोर उभं होतं, पण तासाभरापूर्वी काउंटर बंद करायचा नियम. काउंटरवरच्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, “सर, कुठून आलात?”

मी म्हणालो, “लांबून.”

मोहोपाडा म्हणायचा धीर झाला नाही.

लग्नात नेहमी असंच होतं. नागपूरचे पाहुणे आदल्या रात्री येऊन गाद्या अडवून बसतात आणि शेजारच्या घरातले अक्षता पडल्यावर हात पुसत येतात. जवळच्याला निघायचं कारणच सापडत नाही.

पुढचं विमान मिळालं ते रात्री साडेदहाचं, सहारवरून. म्हणजे या विमानतळावरून त्या विमानतळावर. सव्वासहाला निघालो. अटल सेतूनं जावं तर तो शिवडीला नेऊन सोडणार, तिथून पुढे शहर पार करायचं. म्हणून वाशीच्या खाडीवरून गेलो. तिथं हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४पासून माफ झालाय, त्यामुळे सगळी मुंबई तिथून जात होती. मानखुर्दला पाऊण तास. पावणेआठ वाजता आम्ही चेंबूरच्या पुलाखाली होतो. मुलीनं मोबाइल बघितला आणि म्हणाली, “बाबा, माझं विमान उतरलं.”

“कुठलं?”

“चुकलेलं. बेंगळुरूला.”

गाडीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग बायकोनं अळूवड्यांचा डबा उघडला. सहारला पोचायला साडेआठ वाजले. दुसऱ्याच टर्मिनलला गेलो होतो, ते सोडा.

परत येताना दांड फाट्यावर रात्रीचे पावणेबारा झाले होते. फलकावर दिवे लागले होते. कुटुंब हसतच होतं.

तेव्हा आमच्याकडे यायचं असेल तर अवश्य या. फक्त तिकिटावर एनएमआय आहे की बीओएम ते दोनदा बघा. रेल्वेनं येत असाल तर रसायनीला उतरा, मोहोप्याला उतरू नका. बसनं आलात तर दांड फाट्याला उतरून त्या फलकाखाली उभे राहा आणि मला फोन करा. पंधरा मिनिटांत घ्यायला येतो.